दिल्लीदर्शनासाठी चेन हॉटेल: निवडीचे शास्त्र आणि विधी

दिल्ली पाहायला जायचं ठरलं की लाल किल्ल्याबद्दल वाचायला बसू नये. तो शहाजहानने 1648 मध्ये बांधून पुरा केला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कुठे जात नाही. हॉटेलच्या खोल्या जातात. मोबाइलवर लाल अक्षरांत 'या दरात फक्त 2 खोल्या शिल्लक' असं झळकतं, त्याखाली 'आत्ता 17 जण हे हॉटेल पाहत आहेत' असं येतं, आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटात गोळा उठतो. त्या 2 खोल्या महिनाभर 2च राहतात आणि त्या 17 जणांतले 6 आपल्याच घरातले असतात, हे सुज्ञांनी ध्यानात ठेवावं आणि तरीही घाबरावं. घाबरल्याशिवाय बुकिंग होत नाही.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने करावी. ग्रुपचं नाव 'दिल्ली चलो' ठेवावं. दुसरं नाव सुचवायला कोणाला वेळच देऊ नये. ग्रुपमध्ये एक काका असतात, जे नोकरीत असताना कामानिमित्त दिल्लीला जाऊन आलेले असतात. ते पहिल्याच दिवशी लिहितात, 'हॉटेल कशाला? महाराष्ट्र सदनात ओळख काढू.' त्यावर 'कोणाची?' एवढंच विचारावं. काका दोन दिवस ग्रुपवर दिसत नाहीत. तेवढ्या अवधीत चेन हॉटेलचा ठराव मंजूर करून घ्यावा.

काका परत येतात, म्हणून इतिहासही पाठ हवा. 1951 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेम्फिसचे केमन्स विल्सन नावाचे बांधकाम व्यावसायिक बायको आणि 5 मुलांना गाडीत घालून राजधानी पाहायला निघाले, वॉशिंग्टनला. वाटेतली मोटेलं एक बरं तर दुसरं गलिच्छ, वर प्रत्येक पोरामागे जादा 2 डॉलर. विल्सन चिडले. आपल्याकडचा माणूस अशा वेळी काउंटरवर भांडतो, घरी येऊन चार जणांना सांगतो आणि मोकळा होतो. विल्सननी 1952 मध्ये मेम्फिसला स्वतःचं हॉलिडे इन काढलं, आईबापांच्या खोलीत झोपणाऱ्या पोरांचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि त्याच मापाची, त्याच सोयींची हॉटेलं देशभर उठवली. पुढे त्यांच्या जाहिरातींचा सगळा भर एकाच आश्वासनावर राहिला: इथे अनपेक्षित काही घडणार नाही. म्हणजे चेन हॉटेलांचा हा पसारा सहकुटुंब राजधानीदर्शन आणि जादा गादीचा हिशेब यांतून उभा राहिलेला आहे. हे काकांना ऐकवावं. ते गप्प बसत नाहीत, पण विषय बदलतात.

मग नाव. जिंजर हे टाटांचं. ताजमहाल हॉटेल चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीचंच हे स्वस्तातलं भावंड. 2004 मध्ये बंगळुरूला सुरू झालं तेव्हा नाव इंडिवन होतं. 'टाटांचं आहे' म्हटलं की बाबांच्या बाजूचे प्रश्न संपतात. दर, अंतर, रिव्ह्यू, काही विचारलं जात नाही. आयबिस मूळचं फ्रेंच, अ‍ॅकॉर कंपनीचं, पहिलं 1974 मध्ये बोर्दोला निघालं. खोली आटोपशीर, सगळं आखीवरेखीव, बॅग उघडली की चालायला जागा नाही. ज्यांना मुंबईच्या वन-बीएचकेची सवय आहे त्यांना ते प्रशस्त वाटतं. लेमन ट्रीचं पहिलं हॉटेल 2004 मध्ये गुरुग्रामला उघडलं. त्यांच्याकडे अनेक ठिकाणी कर्णबधिर कर्मचारी काम करतात आणि फार नेटकं करतात. तिथे जेवणाच्या टेबलावरून 'अरे, इकडे ये' अशी हाळी घालून उपयोग नसतो. हात वर करायचा आणि मेनूवर बोट ठेवायचं. हाळी घालणाऱ्यांच्या आवाजाला तेवढीच विश्रांती.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर फोडू नये. पाटी चेनची असली तरी इमारत बहुधा दुसऱ्याच कोणाची असते. चेन नाव देते, नियमांचं बाड देते आणि आपला हिस्सा घेते. म्हणून एकाच नावाच्या दोन हॉटेलांत चादर सारखी असते, लिफ्ट नसते. रिव्ह्यू वाचायचे ते चेनचे नव्हेत, त्या एका इमारतीचे, आणि तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. पाच तारेवाले नुकतेच हनिमूनहून आलेले असतात, एक तारावाल्यांचं मॅनेजरशी भांडण झालेलं असतं. खरी माणसं तीन ताऱ्यांत सापडतात. त्यांत 'गरम पाणी', 'लिफ्ट' आणि 'बँक्वेट' हे तीन शब्द शोधावेत. खाली बँक्वेट हॉल असेल आणि आपण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणार असू, तर रात्री बारापर्यंत कोणा अनोळखी नवरदेवाच्या वरातीत आपण पलंगावर आडवे पडून सामील असतो.

आता जागा, आणि इथे फसवणूक पूर्णपणे कायदेशीर असते. हॉटेलच्या नावात 'दिल्ली एनसीआर' अशी अक्षरं दिसली की आधी भूगोलाचं पुस्तक काढावं. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र 55 हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यात हरियाणातलं कर्नाल येतं, उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर येतं, राजस्थानातलं अलवरसुद्धा येतं. खुद्द दिल्ली 1,483 चौरस किलोमीटर. तेव्हा 'दिल्ली एनसीआर'मधलं हॉटेल स्वस्त पडलं म्हणून पेढे वाटण्यापूर्वी ते कोणत्या राज्यात आहे, हे पाहून घेणं बरं.

एरोसिटीचं तसं नाही. ती खरोखरच दिल्लीत आहे, विमानतळाला चिकटून, आणि तिथे एका आवारात इतकी चेन हॉटेलं उभी आहेत की रात्री जेवून परतताना आपलं कोणतं ते दारवानाला विचारावं लागतं. रस्ते स्वच्छ, फुटपाथ रुंद, कुत्रं नाही, चहाची टपरी नाही. म्हणजे दिल्ली सोडून सगळं आहे. तिथून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते, हे खरं. पण तिथून चांदणी चौकाला जायचं तर यलो लाइनला बदलायचं, लाल किल्ल्याच्या दारात उतरायचं तर व्हायोलेट लाइन गाठायची, आणि बरोबर गुडघेदुखीवाली आई असेल तर मेट्रो बदलताना जे चालावं लागतं, ते धरून अंतर मोजायचं. उलट करोलबागेत मेट्रो जवळ, बाजार जवळ, खाणं जवळ, आणि शेजारची इमारत तर इतकी जवळ की काही खोल्यांना खिडकीच नसते. माझं मत विचाराल तर एका रात्रीपुरते असाल आणि पहाटेचं विमान असेल तर एरोसिटी, नाहीतर मेट्रो स्टेशनपासून बॅग ओढत पाच मिनिटांत पोचता येईल असं शहरातलं काहीही. 'कॅनॉट प्लेसजवळ' या शब्दांना किंमत देऊ नये. दिल्लीत सगळंच कॅनॉट प्लेसजवळ असतं.

पैशांचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या खोलीवर 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. शंभर रुपयांची चैन 1,093 रुपयांना. हे गणित कागदावर मांडून जेवणाच्या वेळी वाचून दाखवावं. घरात आपलं वजन वाढतं. तारखाही पाहाव्यात. 14 नोव्हेंबरपासून प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, दिवाळी उशिरा आली तर नेमक्या त्याच सुमारास आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी संपत आलेली असते आणि दिल्लीतली लग्नं सुरू झालेली असतात. त्या आठवड्यात खोलीचा दर सकाळी एक, दुपारी एक आणि 'आईला विचारून सांगतो' म्हटल्यावर तिसराच असतो.

वेळेचा पेच याहून कठीण. मुंबईहून संध्याकाळी पाचला सुटलेली राजधानी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोचते. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. मधल्या साडेपाच तासांत बिनआंघोळीचं कुटुंब काय करतं, यावर कोणत्याही प्रवासवर्णनात ओळ सापडणार नाही. आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून लवकर खोली मागितली तर पुष्कळदा मिळते, कारण रात्री रिकामी राहिलेली खोली सकाळीही रिकामीच असते. हे रिसेप्शनवरच्या मुलाला ठाऊक असतं आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याला कळू द्यायचं नसतं. 'बरोबर म्हातारी माणसं आहेत' एवढंच म्हणावं. नाहीच जमलं तर सामान हॉटेलात टाकून थेट हुमायूनचा मकबरा गाठावा. तिथे सगळेच प्रवासाने दमलेले असतात, आंघोळीचं कोणी विचारत नाही.

खोलीच्या आत शिरल्यावर मात्र घाई करू नये, कारण इथे कुटुंबं फुटतात. नव्या बिझनेस हॉटेलांतल्या बऱ्याच खोल्यांत बाथरूम आणि पलंग यांच्यामध्ये भिंत नसते, काच असते. त्यामुळे लहान खोली मोठी दिसते आणि बाथरूममध्ये उजेड येतो, असं आर्किटेक्ट सांगतात. येतो. वेबसाइटवरच्या फोटोत काचेमागे पांढऱ्या टॉवेलांची घडी असते, माणूस नसतो. प्रत्यक्षात एका बाजूला सासरे बातम्या पाहत बसलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला नवीन सूनबाई टूथब्रश हातात धरून उभ्या असतात. काचेला पडदा असतो, हे कबूल. पण तो कुठे आतून खाली येतो, कुठे बाहेरून. आणि बाहेरून येत असेल तर त्याचं बटण दिव्यांच्या बटणांच्या रांगेतच बसवलेलं असतं. वाचायला दिवा लावावा म्हणून सासरे हात पुढे करतात आणि पडदा सावकाश, मोटारीचा आवाज करत, वर जाऊ लागतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन करणं अनिवार्य. हिंदी जशी येते तशी बोलावी:

'भैया, वो बाथरूम का भिंत काच का है क्या?'

'सर, ग्लास पार्टिशन है। प्रीमियम लुक आता है।'

'लुक रहने दो। आरपार दिखता है क्या?'

'सर, ब्लाइंड्स हैं।'

'ब्लाइंड किधर से गिरता है? अंदर से की बाहेर से?'

इथे पलीकडे बराच वेळ संगीत वाजतं. तेवढ्यात दुसरा प्रश्न तयार ठेवावा.

'और बादली-मग मिलेगा?'

'सर, रेन शॉवर है।'

'पाऊस हमारे यहाँ बहोत है। बादली बोलो।'

बादली मिळते. हाउसकीपिंगला सांगितलं की पाचव्या मजल्यावरून कुठून तरी एक निळी बादली येते आणि आजी दिल्लीला प्रथमच आपली म्हणतात. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय खोलीत वीज येत नाही; पुष्कळ ठिकाणी त्या खाचेला कार्ड कसलंही चालतं, तेव्हा जुनं लायब्ररीचं कार्ड पाकिटात असू द्यावं. आपण छोले-भटुरे खाऊन येईपर्यंत चार मोबाइल आणि एक पॉवर बँक भरून निघतात.

तिसऱ्या माणसाची गादी हा वेगळाच अध्याय आहे. ठराविक वयापर्यंतचं मूल आईबापांजवळ फुकट झोपतं, त्यापुढे जादा गादीचे पैसे पडतात. ते वय चेनगणिक बदलतं. काउंटरवर मुलाचं वय विचारलं तर आईने आणि बाबांनी एकदम उत्तर देऊ नये. आणि दोघांचं एकमत झालं तरी चिरंजीवांचं आधार कार्ड पुढे करू नये. त्यावर जन्मतारीख छापलेली असते.

नाश्ता दरात धरलेला असेल तरच घ्यावा आणि घेतला तर दुपारचं जेवण होईपर्यंत घ्यावा. पोहे असतात. पिवळे असतात. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. घरून आणलेलं मेतकूट वरून भुरभुरायला कोणी बंदी करत नाही. 'अन्न बाहेर नेऊ नये' अशी पाटी मात्र असते, आणि ती नेमकी केळ्यांच्या टोपलीशेजारी असते.

मुक्कामात सोमवार येतो का, हे बुकिंगआधी पाहावं. सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद. आणि शुक्रवारी आग्र्याला पोचलात तर ताजमहाल बंद. सोमवारी कुतुबमिनार उरकून दुपारी खोलीवर परतावं आणि ज्या एसीचे, गादीचे आणि वायफायचे पैसे भरलेत ते वसूल करावेत. कित्येकांना दिल्लीतला सगळ्यात चांगला दिवस हाच वाटतो. ते तसं बोलून दाखवत नाहीत.

शेवटचा दिवस. चेक-आउट बाराला, परतीची राजधानी पाचच्या सुमारास. सामान रिसेप्शनला फुकट ठेवून घेतात, माणसं लॉबीत ठेवावी लागतात. एसीच्या झोताखालचा, पण दारवानाच्या नजरेपासून दूर असलेला सोफा सकाळीच हेरून ठेवावा. आजींना मध्यभागी बसवावं, त्यांना उठवायला कोणाची छाती होत नाही. मॅनेजर येऊन मुक्काम कसा झाला म्हणून विचारतो आणि दहापैकी दहा गुण देण्याची विनंती करतो. त्या क्षणी चहाचा विषय काढावा. चहा फुकट येतो. काउंटरवरच्या वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या असतात, त्या आपण घेऊ नयेत. लहान मुलाला पुढे करावं. त्याची मूठ कितीही भरली तरी कोणी काही म्हणत नाही, आणि त्याचं वय तर आपण आधीच कमी सांगितलेलं आहे.