दोर कुणाच्या हातात

दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीवर ताशी ८ किलोमीटरपेक्षा वेगाने बोट हाकायला बंदी आहे. बंदी नसती तरी भाड्याच्या बोटीने फार काही दिवे लावले नसते. पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने जी वाट केली होती, तिच्यावरून आता सायकलवाले जातात आणि पुढे निघून जाताना आपल्याला हात करतात. तुलूझहून बेझिएला रेल्वेने दीड तास. बोटीने आठवडाही कमी पडतो.

बोट चालवायला परवाना लागत नाही, हे आमच्या ह्यांनी निघण्याआधी भेटेल त्याला सांगितलं होतं. खरोखरच लागत नाही. धक्क्यावरचा माणूस अर्ध्या-पाऊण तासात गिअर, पाण्याची टाकी आणि संडासाचा पंप समजावतो, सह्या घेतो आणि काठावर उतरून टाटा करतो. मग दोन खोल्या, ओटा आणि न्हाणीघर असलेलं ते प्रकरण आपल्या ताब्यात. त्याला ब्रेक नाही. थांबायचं तर गिअर उलटा टाकायचा आणि जे होईल ते बघायचं. ह्यांनी सुकाणू धरलं. उरला दोर, तो माझ्याकडे आला.

पुढे बघितलं तर बहुतेक बोटींवर हीच वाटणी. जर्मन असोत, डच असोत, सुकाणूवर टोपी घातलेला नवरा आणि पुढच्या टोकाला दोर घेतलेली बायको. सरळ पाण्यावर दोघंही सुखी दिसतात. लॉक आलं की संपलं.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे मिटायचे आणि पाणी भरायचं किंवा सोडायचं. उतरताना दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याला नुसता वेढा देऊन हातात धरायचा, बांधायचा कधीच नाही. बांधला तर पाणी खाली जातं आणि बोट वर लटकते. चढताना आणखी मजा. पाणी असं उसळतं की बोट आडवी व्हायला बघते. "अहो, डावीकडे घ्या!" "अगं, ओढ तो दोर!" "ओढतेच आहे!" शेजारच्या बोटीवर हाच संवाद डचमध्ये चालला होता. मला डच येत नाही, तरी शब्दन् शब्द कळला.

याला थोडा जबाबदार पिएर-पॉल रिके. हा मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी. स्पेनला वळसा न घालता माल एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे जावा म्हणून त्याने चौदाव्या लुईची परवानगी मिळवली आणि १६६६ नंतर, स्वतःचा पैसाही ओतून, २४० किलोमीटरचा कालवा काढला. सुरुवातीच्या एका लॉकच्या सरळ भिंती ढासळल्या, तेव्हापासून तो भिंती बाहेरच्या बाजूला फुगवून बांधू लागला. म्हणून इथली लॉक अंडाकृती. भिंती अजून उभ्या आहेत. पण गोल भिंतीला बोट नीट लागत नाही आणि त्याचं खापर दोर धरणारीवर फुटतं. रिके १६८० मध्ये डोक्यावर कर्ज ठेवून गेला. कालवा खुला झाला १६८१ मध्ये.

बेझिएला त्याचा पुतळा आहे, तो हवाच. पण कामावर हजारो मजूर होते आणि त्यांत बायका पुष्कळ. डोंगरउतारावरून पाणी कसं वळवायचं हे पिरनीजमधल्या खेडवळ बायकांना पिढीजात ठाऊक होतं आणि ते ज्ञान कालव्याच्या कामी आलं, असं चंद्रा मुखर्जी या अमेरिकन अभ्यासिकेने २००९ च्या पुस्तकात दाखवून दिलं आहे. मी हे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "पुढे लॉक आहे, दोर घे."

थॉमस जेफर्सन १७८७ मध्ये इथून गेला. त्याने आपल्या घोडागाडीची चाकं काढून ती बोटीवर चढवली आणि आत बसून प्रवास केला. आजवरच्या प्रवासांत हा सर्वांत सुखाचा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. लिहिणारच. त्याच्या हातात दोर कुणी दिला होता?

सुटका होते ती दुपारी साडेबाराला. लॉकवाला जेवायला जातो तो तासाभराने येतो आणि यावर कुणी हुज्जत घालत नाही. बोटी रांगेने काठाला लागतात, पाव-चीज बाहेर येतं आणि सकाळपासून अबोला धरलेली जोडपी "मीठ दे" एवढ्यावरून पुन्हा बोलायला लागतात. कुठे चिनारांची सावली असते, कुठे नसते. २००६ पासून बुरशीच्या रोगापायी इथली हजारो झाडं तोडावी लागली आहेत.

बेझिएजवळच्या फॉन्सरानला मी सुकाणू मागून घेतलं. तिथे रिकेने एकाला एक लागून आठ हौद बांधले, साडेएकवीस मीटरच्या उतारावर. फुकट करमणूक बघायला कठड्याला माणसांची ही गर्दी! ह्यांनी दोर धरला आणि पहिल्याच हौदात ओरडले, "अगं, जरा डावीकडे घे की!"

जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर जा, हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद असतो. जाड हातमोजे न्या, दोन जोड. आणि सुकाणू कुणी धरायचं, हे विमानात बसण्याआधी ठरवा.