ड्रायव्हरची रसद

पानिपतजवळ काला अंबच्या स्मारकापाशी दर 14 जानेवारीला 1761 पुन्हा लढलं जातं. सदाशिवराव भाऊ हत्तीवरून उतरलेच नसते तर? रसद वेळेत पोचली असती तर?

ही जर-तरची लढाई घरबसल्या जिंकायचीही सोय आहे. 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर' या गेममध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं, आणि 2014 पासून लिनक्सवरसुद्धा. फक्त आधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर वश व्हावा लागतो. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्सनी 2012 साली कॅमेऱ्यासमोर ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. (पेशवाईत निदान खलिता तरी धाडत.)

2018 साली व्हॉल्वने 'प्रोटॉन' आणलं, विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर पळू लागले आणि लिनक्सभक्तांनी अटकेपार झेंडे लावले. पण 'व्हॅलोरंट' या गेमचा, लबाडी करणाऱ्यांना रोखणारा पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नेलात ठाण मांडतो. लिनक्सवाल्याला वेशीवरूनच परत पाठवतो. 'एपेक्स लेजंड्स'ने तर 2024 साली आत घेतलेल्यांनाही हाकललं. कारण काय, तर लिनक्सच्या वाटेने लबाड शिरतात. विंडोजवरचे लबाड बहुधा परवाना काढून येत असावेत.