शून्य किलोमीटरची दिवाळी

बदलापूर लोकलने मी बत्तीस वर्षं नोकरी केली. विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर आलं, आता अंबरनाथ, हे मला डोळे मिटूनही नुसत्या गर्दीच्या रेट्यावरून कळतं. अशा माणसाने ही गावं कुठे आहेत हे समजून घ्यायला पंधराशे रुपये मोजले, ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला फराळाबरोबर वाढली जाते.

मी निवृत्त झालो आणि बायकोने फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. भाजणी तिची, हात तिचा, गिऱ्हाइकंही तिचीच. मग मी व्यवस्थापन घेतलं. ती वहीत पत्ते लिहायची : ‘लाल चक्कीच्या पुढे, औषधांच्या दुकानावरून डावीकडे, दुसरा जिना.’ मला हे फारच गावठी वाटलं. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अख्ख्या महाराष्ट्राच्या पिनकोडांची फाईल विकत घेतली. प्रत्येक पिनपुढे अक्षांश आणि रेखांश.

“अहो, आपल्याला चंद्रपूरला कुठे चकल्या पाठवायच्यात?”

“अचूकता म्हणतात याला,” मी म्हणालो. हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

फाईल नकाशावर टाकली, तर बदलापूर समुद्रात! तेही नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या जरा खाली. भाच्याने पाहिलं आणि म्हणाला, “मामा, रकाने उलटे पडलेत. १९ च्या जागी ७३ गेलेत.” त्याने रकाने बदलले आणि बदलापूर घरी परतलं. ज्याने एकदा अस्वलांच्या दारात नेऊन सोडलं, त्याच्या मागे दुसऱ्यांदा जाऊ नये, एवढं शहाणपण कोणालाही सुचलं असतं. माझा मात्र विश्वास उलट वाढला. एवढी मोठी चूक निघाली, म्हणजे आता आत काही उरलंच नसणार!

मग मी अंतरांचा तक्ता मांडला. उल्हासनगर ते बदलापूर : शून्य किलोमीटर. अंबरनाथ ते उल्हासनगर : शून्य. बत्तीस वर्षं त्याच अंतरात उभ्याने प्रवास केलेला मी, तक्त्याकडे पाहून म्हणालो, “वा!” घरपोच पोचवण्याचा आकार आम्ही किलोमीटरवर धरला होता. शून्य गुणिले काहीही शून्यच. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर केलं : ‘तिन्ही शहरांत घरपोच मोफत!’ सकाळपर्यंत अठ्ठेचाळीस ऑर्डरी आल्या.

सगळी अंतरं सारखीच असल्यामुळे तक्त्याने डबे पोचवण्याचा क्रम लावला तो ऑर्डर आल्याप्रमाणे. आधी उल्हासनगरात कॅम्प पाच, मग बदलापुरात कात्रप, मग थेट कॅम्प एक, मग अंबरनाथ, की पुन्हा बदलापूरला बेलवली. दिवसभरासाठी ठरवलेला रिक्षावाला तिसऱ्यांदा अंबरनाथ ओलांडताना म्हणाला, “काका, घरी भांडण झालंय का? चहा घेऊ कुठेतरी. उगाच फिरू नका.”

संध्याकाळपर्यंत निम्म्या चकल्यांची पुन्हा भाजणी झाली होती.

रात्री नऊला कॅम्प चारमधल्या एका सिंधी आजींच्या दारात पोचलो. त्याआधी कॅम्प तीनमध्ये तासभर भटकलो होतो. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, “पिन काय लिहिलाय?”

“४२१००४.”

“मग कॅम्प चारच ना! शेवटचा आकडा बघायचा, साईं.”

खरंच की. ४२१००१ ते ४२१००५, पाच कॅम्प आणि पाच आकडे. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर नाव मिळालं, पण पत्ता अजून कॅम्पावरूनच सांगतात. आजींना जे बोटावर ठाऊक होतं, ते मी विकत घेतलं होतं. आणि विकत घेतलेल्यात ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी भाच्याने शवविच्छेदन केलं. विक्रेत्याने दशांशचिन्हापुढे एकच आकडा ठेवला होता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचा दहावा भाग म्हणजे अकरा. अंबरनाथ ते बदलापूर आहे आठेक किलोमीटर. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं जवळच्या दशांशात ढकलली गेली आणि १९.२, ७३.२ या एकाच ठिपक्यावर येऊन बसली. ठिपका अंबरनाथ पूर्वेला पडतो. आणखी तीन आकडे असते, तर चूक दहा-अकरा मीटरवर आली असती.

“आणि मामा, टपाल खात्याची पिनकोडांची यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते.”

म्हणजे पंधराशे रुपये मी दिले ते आकडे कापण्याच्या मजुरीचे.

यात बिचाऱ्या पिनचा काही दोष नाही. टपाल खात्यातले आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित, यांनी १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशाला दिला, तो सारख्या नावांच्या गावांत आणि नाना लिप्यांतल्या अक्षरांत हरवणारी पत्रं वाचवायला. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. पिन पत्राला पोस्टमनच्या थैलीपर्यंत आणतो. तिथून दुसऱ्या जिन्यापर्यंत पोस्टमन नेतो, किंवा बायकोची वही.

आता कोणतीही फाईल घेण्याआधी मी एकच परीक्षा घेतो : आपलं स्वतःचं घर त्यात कुठे दिसतं? समुद्रात असेल तर पैसे परत खिशात.

मध्यंतरी भाच्याने डिजिपिन दाखवला. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला, दहा अक्षर-आकड्यांचा. त्यात देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत. आमच्या घराचा काढला, तर स्वयंपाकघर एका चौकोनात आणि माझी गॅलरीतली खुर्ची दुसऱ्या.

बायकोने मोबाइल हातात घेऊन नीट पाहिलं. म्हणाली, “ही खरी अचूकता. चकल्या पाडताना तुम्ही कुठे असता, ते एकदाचं कागदावर आलं.”