तिथं गेल्यावर कुणालाबी विचारा

कोल्हापुरात पत्ता सांगण्यासाठी पत्ता माहीत असावा लागत नाही. माणूस त्या वेळी चौकात उभा असला म्हणजे पुरे. ‘मला माहीत नाही’ असं पाहुण्याला तोंडावर सांगणं आमच्याकडं कमीपणाचं मानतात. त्यामुळं ज्याला माहीत आहे तो सांगतोच. ज्याला माहीत नाही तो जरा जास्त वेळ घेऊन सांगतो.

आमचे पुण्याचे साडू मागच्या पावसाळ्यात आले होते. शनिवार पेठेत एका नातेवाइकांना लग्नाची पत्रिका द्यायची होती. साडूंचा घरातल्या बाईपेक्षा फोनमधल्या बाईवर विश्वास जास्त. त्या बाईनं त्यांना अशा एका बोळात नेऊन उभं केलं, की पुढं म्हैस, मागं भाजीचा गाडा, आणि ‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या’ हे म्हशीला कळत नव्हतं. त्यातून सुटून ते मिरजकर तिकटीला आले, आणि मी स्कूटर घेऊन पोचेपर्यंत चहाच्या गाड्यावर त्यांची सुनावणी सुरू झाली होती.

“शनवारात कुणाकडं?” पांढऱ्या टोपीतल्या एका मामांनी विचारलं.

साडूंनी घर नंबर सांगितला.

“नंबर ऱ्हाऊ द्या. आडनाव काय?”

आडनाव सांगितलं.

“म्हशीवालं का तालमीजवळचं?”

“ते बँकेत होते,” साडू म्हणाले.

“मग तालमीजवळचं. थोरलं पोरगं मिल्ट्रीत हाय. धाकट्यानं पाचगावला प्लॉट घेतलाय.”

“ओ मामा, त्यांनी घर इकलं की!” बशीतला चहा थांबवून दुसरे एक गृहस्थ म्हणाले. “आता जावयाकडं असत्यात.”

घर विकलं की नाही, विकलं तर केवढ्याला, आणि तेवढ्याला विकायला नको होतं, यावर गाड्याभोवती तीन पक्ष पडले. शेवटी मामांनीच निकाल दिला. “असं करा पावणं. बिंदू चौकातनं सरळ शिवाजी पुतळा. तिथनं माळकर तिकटी. आणि तिथं गेल्यावर कुणालाबी विचारा.”

साडू माझ्या कानात म्हणाले, “हा पत्ता झाला? अर्धवट सांगून कटवलं की मला.”

बाहेरच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. पण हे शेवटचं वाक्य कटवण्याचं नसून माणसाच्या मेंदूची कुवत ओळखून बोललेलं आहे. ते समजून घ्यायचं तर आपल्या डोक्यात गाव कसं साठलेलं असतं ते आधी बघावं लागतं.

केविन लिंच नावाचा अमेरिकन नगररचनाकार होता. त्यानं बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या लोकांना आपापलं शहर आठवणीनं कागदावर काढायला सांगितलं आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींचं बनतं असं त्याचं म्हणणं : वाटा, कडा, वस्त्या, सांधे आणि ठळक खुणा. लिंचसाहेब कोल्हापूरला आले असते तर त्यांचं काम दुपारच्या जेवणाआधी आटपलं असतं. वाटा म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड. कडा म्हणजे गंगावेस, रंकाळा वेस. वस्त्या म्हणजे पेठा. सांधे म्हणजे तिकट्या. आणि ठळक खुणा म्हणजे पुतळे आणि तालमी. त्यांची तर आमच्याकडं टंचाई कधीच नव्हती. राजारामपुरीत गल्ल्यांना सरळ नंबर दिलेत. पहिली, दुसरी, तिसरी. परदेशात असावं तसं. तरी तिथला माणूस “आठवी गल्ली” एवढ्यावर थांबत नाही. “आठवी म्हंजे जनता बाजारपासनं...” असं सुरू केल्याशिवाय त्याला स्वतःलाच आठवी गल्ली सापडत नाही.

यात एकच अडचण आहे. आमच्या निम्म्या खुणा जागेवर नाहीत. व्हीनस टॉकीज गेली, व्हीनस कॉर्नर राहिला. गावाच्या वेशीचे दरवाजे गेले, वेस राहिली. कपिलतीर्थावर मार्केट झालं, तरी भाजी आणायला आम्ही ‘कपिलतीर्थात’च जातो. चौकात ताराराणी घोड्यावर बसलेल्या दिसतात, चौकाला नावही त्यांचंच आहे, पण रिक्षावाल्याला ‘कावळा नाका’ म्हटल्याशिवाय तो मीटर टाकत नाही. वरुणतीर्थ नावाचा तलाव बुजवून गांधी मैदान झालं. माणसं ते विसरली, पण मैदान विसरलेलं नाही. जोराचा पाऊस झाला की त्याला आपलं जुनं नाव आठवतं आणि ते पुन्हा तलाव होऊन बसतं. सांगायचं म्हणजे, कोल्हापूरकर पत्ता सांगतो तेव्हा त्याला समोरचं गाव दिसत नसतंच. तो डोळे किंचित बारीक करून, हवेत हात फिरवत, आतलं गाव बघत असतो. आणि आतल्या गावात व्हीनसला अजून मॅटिनी चालू आहे.

हे आतलं गाव मेंदूत नेमकं कुठं असतं याचा पत्ताही लागलेला आहे, आणि तो उंदरांना विचारून लागला. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली दाखवून दिलं, की भुलभुलैयात फिरणारा उंदीर नुसती डावी-उजवी वळणं पाठ करत नाही. तो डोक्यात जागेचा नकाशा तयार करतो. पुढं लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात काही पेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक पेशी चेतवली जाई, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या दांपत्यानं २००५ मध्ये शेजारच्याच भागात अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या, आणि २०१४ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. मिरजकर तिकटीच्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “उंदराला वाट सापडती हे बघाय नार्वेला कशाला जायाचं? आमच्या माळ्यावर या की.”

नकाशा आहे म्हटल्यावर तो बरोबर असेल अशी मात्र कुणी समजूत करून घेऊ नये. एक साधा प्रश्न घरी विचारून बघा : कोल्हापूर पुण्याच्या पूर्वेला की पश्चिमेला? आमच्या घरी सगळे एका सुरात म्हणाले, पश्चिमेला. कोकण जवळ, घाट जवळ, गगनबावडा ओलांडला की समुद्राचा वास, पश्चिमेलाच असणार! नकाशा उघडला तर कोल्हापूर पुण्याच्या थोडं पूर्वेला निघतं. साडूंना याचं फार वाईट वाटलं. अमेरिकेत १९७८ साली असाच प्रयोग झाला होता. नेवाडा राज्यातलं रेनो आणि कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, यांतलं पश्चिमेचं कुठलं, या प्रश्नाला लोकांनी सॅन डिएगो असं उत्तर दिलं, कारण कॅलिफोर्निया राज्य नेवाडाच्या पश्चिमेला. खरं तर रेनो जास्त पश्चिमेला आहे. म्हणजे मेंदू प्रत्येक गाव वेगळं मोजत बसत नाही. आधी मुलूख लक्षात ठेवतो आणि मग गावं त्यात बसतील तशी बसवतो.

अंतराचंही तेच. ज्या वाटेवर वळणं जास्त, ती वाट माणसाला लांब वाटते, हेही मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलेलं आहे. म्हणून पेठेत जन्म काढलेल्या आमच्या आत्याला बोळाबोळानं जावं लागणारा रंकाळा ‘लांब’ वाटतो आणि महामार्गानं सरळ जाता येणारं पुणे ‘ह्ये काय, जेवून निघालं की च्याला’ असतं. ‘जवळच हाय की’ या शब्दांना कोल्हापुरात मैलाचं माप लावू नये. ती सांगणाऱ्याच्या मनातली जवळीक असते.

नकाशा नुसता आडवाच नसतो, आमच्याकडं तो उभाही असतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे पावसाळ्यात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण फुटांनी कोल्हापूरकराचं समाधान होत नाही. “जामदार क्लब गाठला काय? गायकवाड वाड्याला लागलं? सुतारवाड्यातली माणसं हलवली?” हे कळलं म्हणजे पाणी खरं किती आहे ते त्याला कळतं.

आणि पूर ओसरला की आठवणींचा पूर सुरू होतो. १९८९, २००५, २०१९, २०२१ : या सालांवरून आमच्याकडं भावकी फुटू शकते. आत्याचं घर शुक्रवार पेठेत नदीच्या बाजूला. १९८९ ला पाणी तिसऱ्या पायरीला होतं असं आत्या म्हणते. काकांच्या मते उंबऱ्यावरनं आत आलं होतं. पुरावा म्हणून काकांनी तेव्हा भिंतीवर रेघ ओढली होती. पण भिंतीला रंग दिला की रेघ जाते, मग काका ती आठवणीनं पुन्हा ओढतात. त्यामुळं दर रंगकामाला १९८९ चा पूर थोडा वाढतो. आता रेघ खिडकीच्या चौकटीला टेकली आहे. अजून दोनदा रंग दिला तर त्या साली घरातलं कुणी वाचलं कसं, असा प्रश्न पडेल.

काका खोटं बोलत नाहीत. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. त्यांनी इंग्लिश माणसांना परक्या मुलखातली एक लोककथा वाचायला दिली आणि ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक सांगण्यात कथा थोडी बदले. अनोळखी गोष्टी गळून जात आणि त्या जागी ओळखीच्या येत. म्हणजे आठवण ही ठेवणीतून काढायची वस्तू नव्हे. प्रत्येक वेळी ती नव्यानं करायला लागते. उलरिक नायसर यांनी तर पक्क्या आठवणींचाच निकाल लावला. १९८६ साली चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठं कळली, कुणी सांगितली. अडीचेक वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा साधारण चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचं एकही उत्तर पहिल्याशी जुळलं नाही. आत्मविश्वास मात्र भरपूर. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी त्यांना जुनी आठवण परत आली नाही. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “त्या पोरांनी रेघ वढली नव्हती.”

आता मामांच्या त्या शेवटच्या वाक्याकडं येतो. माणसाच्या मनात एका वेळी किती गोष्टी मावतात? जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सांगितलं, सात, दोन कमी किंवा दोन जास्त. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ते आणखी खाली आणलं : चारच्या आसपास. परगावच्या माणसाला चौदा वळणं सांगितली तर पाचव्या वळणाला पहिलं सांडतं. मामांनी साडूंना काय सांगितलं? बिंदू चौक, शिवाजी पुतळा, माळकर तिकटी, आणि मग विचारा. चार. मामांनी कोवन वाचलेला नाही. पण एका माणसाच्या डोक्यात किती मावतं ते त्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या डोक्यात शनिवार पेठेचा नकाशा पुरता नाही हेही ठाऊक आहे. तो माळकर तिकटीला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात आहे. कोल्हापूरचा सगळा नकाशा कुठल्याही एका डोक्यात नाही. तो तिकट्यातिकट्यांवर वाटून दिलेला आहे, आणि तो जोडायचा तर बोलत बोलतच जावं लागतं.

लंडनमध्ये टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसच्या भोवतालच्या सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यात लोकांची तीन-चार वर्षं जातात. या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, असं एलेनर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं. त्याच लंडनमध्ये २०१७ साली दुसरा प्रयोग झाला : माणसं आपण होऊन वाट शोधतात तेव्हा हा भाग रस्त्यारस्त्याला जागा होतो, यंत्र सांगेल तसं वळत गेली तर त्याला फारसं काम राहत नाही. साडूंना मी हे ऐकवलं. त्यांनी फोनमधल्या बाईचा आवाज बंद केला नाही, पण कमी केला.

पत्रिका पोचली. माळकर तिकटीला तिघांना विचारलं. तिघांनी तीन वाटा सांगितल्या, आणि तिन्ही बरोबर निघाल्या. घर विकलेलं नव्हतं, नुसतं भाड्यानं दिलं होतं, हेही वाटेतच कळलं. कुठल्याही नकाशात ते मिळालं नसतं.

तेव्हा कोल्हापूरला याल तर फोन खिशात ठेवा आणि चौकातल्या माणसाला विचारा. मात्र हातात वेळ ठेवून विचारा. पत्ता अर्ध्या मिनिटात सांगून होतो, पण तुम्ही कुणाचे कोण हे ठरल्याशिवाय तुम्हाला कुणी सोडणार नाही.