पाया बघायला पुण्याला

भाऊबीज उरकली की आमच्या वरकुट्यात इतिहासाचा उमाळा येतो. पोरांच्या शाळा बंद असतात, उसाला अजून तोड आलेली नसते आणि भावकीत कुणीतरी नवी गाडी घेतलेली असते. ती हायवेला पळवून बघायची असते, पण तसं म्हणता येत नाही. मग फर्मान निघतं, 'पोरांना पुणं दाखवायचं.' सात जणांच्या गाडीत दहा माणसं बसतात, मांडीवर चिवड्याचा डबा. भिगवणच्या पुढं पहिली पिशवी भरते आणि पाटसच्या टोलनाक्यावर कळतं की फास्टॅगमध्ये पैसे नाहीत. ते कुणी टाकायचे यावर हडपसरपर्यंत चर्चा चालते.

पुण्यातलं सगळ्यांत दुर्मीळ प्रेक्षणीय स्थळ म्हणजे गाडी लावायची मोकळी जागा. ती शोधता शोधता लाल महाल, दगडूशेठ, कसबा गणपती हे सगळं काचेतून दोनदोनदा बघून होतं. म्हणजे पुणं बघून झालेलं असतं, खाली उतरायचं तेवढं राहतं.

शेवटी उतरलो ते शनिवारवाड्याला. पायाभरणी 10 जानेवारी 1730, वास्तुशांत 1732 मध्ये, खर्च 16,110 रुपये. (आमच्या एका दिवसाची सहल या आकड्याच्या बरीच जवळ जाऊन आली, आणि आम्ही काही बांधलं नाही.) हा वाडा 1828 च्या आगीत जळाला. राहिले तट, बुरूज, दरवाजे आणि आत जोती. आईनं तिकीट मुठीत धरून सगळ्या जोत्यांवरून नजर फिरवली.

"आरं, हा तर नुसता पाया हाय! आपल्या मळ्यातल्या घराचा पाया आठ वर्सं झाली तसाच पडलाय. त्याला तिकीट लावायचं कुणाला कसं सुचलं न्हाई?"

घर माझंच असल्यानं मी विषय बदलला. पोरांना म्हटलं, इथंच 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. 'काका, मला वाचवा' म्हणत तो पळत सुटला होता, अशी कथा सांगतात.

"काकांनी वाचवलं का?" धाकट्यानं विचारलं.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी भाऊंकडं बघितलं. बांधाची मोजणी पुढच्याच महिन्यात आहे.

खरं तर बारामती-इंदापूरच्या माणसानं काका-पुतण्याची गोष्ट ऐकायला शंभर किलोमीटरचं डिझेल जाळावं, याच्याइतका उधळेपणा नाही. आणि या वाड्याशी आपलं नातंही तिकिटाचं नाही. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईकांकडं दिलेली. तिचे दीर बाबूजी नाईक हे खुद्द बाजीरावाचे सावकार, आणि वसुलीत नात्याचा मुलाहिजा न ठेवणारे. 1740 मध्ये बाजीराव गेला तेव्हा पेशवाई नानासाहेबाला न मिळता बाबूजींना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांकडं जोर लावला होता. ते जमलं नाही. जमलं असतं तर पुणेकर गाड्या भरून आपल्याकडं आले असते आणि पार्किंगचे पैसे आपण घेतले असते. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मंडळी दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांसमोर फोटोला उभी राहिली होती.

केळकर संग्रहालयात मात्र आई रमली. काकासाहेब केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं वीस हजारांवर वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. आई प्रत्येक कपाटापुढं थांबून सुनांना सांगत होती, "हे आपल्याकडं होतं. हेबी होतं. तुम्ही भंगारवाल्याला दिलं." सुनांना तेवढ्यात तुळशीबाग बंद होईल अशी शंका आली.

तुळशीबाग बंद झालेली नव्हती. शनिवारवाड्याला वीस मिनिटं, केळकरांना अर्धा तास, तुळशीबागेला दिवे लागेपर्यंत. तिथं पेशवाईतलं राममंदिर आहे. आमच्यापैकी कुणी ते बघितलं नाही, क्लिपा मात्र सर्वांनी बघितल्या.

परतताना सगळे झोपले. गाडी पळसदेववरून गेली, कुणी मान वर केली नाही. तिथलं जुनं दगडी देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांची. तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालताना आपण तिच्याकडं पाठ करून चहा पितो. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर इंदापूरही होतं, हे पोरांना कोण सांगणार?

तेव्हा मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवला जाऊन या. देऊळ उघडं पडतं, तिकीट नाही, आणि गाडी लावायला गाळपेर सोडून वाटेल तेवढी जागा आहे.