उरलेले १५ टक्के

इलेक्ट्रिक सायकल खोक्यातून घरी येते तेव्हा ती ८५ टक्के जोडलेली असते. तसं विकणारेच सांगतात, खोक्यावर छापतातही. आकडा मोठ्या हुशारीनं निवडलेला आहे. दहावीला ८५ टक्के पडले की आपल्याकडे पेढे वाटतात. उरलेले १५ कुठं गेले हे विचारण्याचा करंटेपणा फक्त वडील करतात. सायकलीचे उरलेले १५ टक्के कुठं जातात हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. ते अण्णांकडे जातात.

अण्णा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारे सायकलवाले. पुण्यात पेठेपेठेत एक तरी अण्णा असतात. कुठं त्यांना मामा म्हणतात, कुठं चाचा, तर कुठं नुसतंच ‘ओ पंक्चरवाले’ (आणि मग पंक्चर निघायला दोन तास लागतात). त्यांना ओळखायची खूण सोपी आहे: दुकानासमोर दहा सायकली उभ्या असतात आणि हल्ली त्यातली एकही त्यांनी विकलेली नसते.

आमच्या अण्णांचं दुकान पूर्वी वाड्याच्या देवडीत होतं. वाडा पडला, इमारत उठली आणि देवडीच्या बदल्यात गाळा मिळाला. गाळा सायकलीपेक्षा वीतभर लांब आणि अण्णांपेक्षा हातभर रुंद. त्यामुळे सायकल आत असली की अण्णा फुटपाथवर आणि अण्णा आत असले की सायकल फुटपाथवर. त्यांचे वडील इथंच तासाच्या बोलीवर सायकली भाड्यानं देत. त्या दिवसांतला अ‍ॅटलसचा एक पत्रा अजून भिंतीवर आहे. त्या कंपनीनं आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला तो २०२० साली, ३ जूनला. ३ जून हा जागतिक सायकल दिन. अण्णांनी पेपरातली ती बातमी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि एवढंच म्हणाले, “मुहूर्त बरा काढला.”

पत्र्याखाली पाट्या. एक जुनी, पंपाबद्दलची. तिच्याखाली तीनेक वर्षांपूर्वी दुसरी लागली: ‘सायकल कोठून घेतली हे विचारले जाईल. खरे सांगावे. दर तोच राहील.’

ही पाटी लागली, कारण खरं कुणी सांगतच नाही. आमच्या भागात इलेक्ट्रिक सायकल विकत घेतलेला एकही माणूस नाही. सगळ्यांना ती ‘आली’ आहे. कुणाला भाच्यानं बंगलोरहून पाठवली, कुणाला ऑफिसनं दिली, कुणाच्या जावयाला सोसायटीच्या लकी ड्रॉमध्ये लागली. मध्यरात्री बारा वाजता सेल उघडला आणि आपण अंगठ्यानं बटण दाबलं, असं अण्णांच्या डोळ्यांत बघून सांगणं अवघड जातं. याच दुकानातून आपल्या पहिल्या तिचाकीपासून पोराच्या गियरवाल्या सायकलीपर्यंत सगळं घेतलेलं असतं. अण्णा ऐकून घेतात. मग सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालतात आणि विचारतात, “भाच्याचं बिल आणलंय का? वॉरंटीला लागेल.”

मीही त्यातलाच. मी सांगितलं होतं की सायकल सुनेची आहे.

त्याचं असं झालं, खोकं आलं, सोबत एक चिमुकला पाना आणि पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की आली. आणि माझ्यात, बँकेत चौतीस वर्षं दबून राहिलेला मेकॅनिक जागा झाला. हँडल लागलं, सीट लागली, उजवं पेडल लागलं. डावं लागेना. मी जोर केला. ते अर्धं आत गेलं आणि तिरकं झालं. आणखी जोर केला, तर क्रँकमधून चांदीच्या भुग्यासारखं काहीतरी माझ्या पायावर पडलं. तो भुगा म्हणजे क्रँकचे आटे होते.

अण्णांनी क्रँक हातात घेतला, उजेडात धरला आणि दाढ किडलेल्या पोराच्या तोंडात डॉक्टर बघतो तसं त्या भोकात पाहिलं.

“डाव्या पेडलचे आटे उलटे असतात साहेब. उजवीकडे पिळलं की सुटतं, डावीकडे पिळलं की बसतं. चालवताना आपोआप सुटू नये म्हणून.”

“मला काय माहीत!”

“पेडलवर एल आणि आर कोरलेलं आहे.”

“ते मी मीडियम, लार्जसारखं साइज समजलो.”

अण्णा हसले नाहीत. पुण्यात गिऱ्हाइकाला हसणं हा गिऱ्हाइकाला दिलेला मान समजतात, तो लगेच मिळत नाही. त्यांनी टॅप मारून नवे आटे काढले, पेडलला वंगण लावलं, बोटांनीच अर्ध्याच्या वर बसवलं आणि मगच पाना घेतला. मग जाता जाता पुढच्या चिमट्याला हात लावून म्हणाले, “आणि सूनबाईंना सांगा, हा उलटा बसवलाय. ब्रेकचं यंत्र डाव्या हाताला पाहिजे.” चिमटा सुलटा झाला. मी किती झाले विचारलं. पेडलचे पैसे घेतले, चिमट्याचे घेतले नाहीत. “ते अज्ञानाचं आहे,” म्हणाले. “त्याचा दर अजून ठरवला नाही.”

इलेक्ट्रिक सायकल पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा अण्णांनी तिला हात लावला नव्हता. ‘आमचा धंदा साखळीपर्यंत. वायर आली की इलेक्ट्रिशियन,’ अशी सरळ हद्द आखली होती. पण गल्लीतला इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘चाक आलं की सायकलवाला.’ आठ दिवस ती सायकल दोघांच्या मधल्या फुटपाथवर अनाथासारखी उभी होती. नवव्या दिवशी अण्णांनी एक मल्टिमीटर आणला. तो आता चष्म्याच्या जुन्या घरात राहतो आणि चष्मा कपाळावर.

त्यांचं विजेचं शास्त्र त्यांच्याच भाषेत आहे. बॅटरी म्हणजे बाटली, कंट्रोलर म्हणजे डबी आणि मोटार म्हणजे भोपळा. मोटारीतून तीन जाड वायरी येतात आणि पाच बारीक. बारीक पाच हॉल सेन्सरच्या. एकदा कंपनीनं फोनवर कुणाला तरी ‘तुमचा हॉल गेलाय’ असं सांगितलं. तो गृहस्थ कर्जाच्या हप्त्यांत बुडालेला होता. ‘हॉल’ आणि ‘गेला’ हे शब्द एका वाक्यात ऐकून तो खालीच बसला. अण्णांनी त्याला पाणी दिलं.

पण ‘मोटार बंद पडली’ म्हणून आलेल्या सायकलीच्या वायरी अण्णा बघतच नाहीत. आधी ब्रेकच्या दोन्ही दांड्या बोटानं पुढं ढकलतात. ब्रेक दाबला की मोटार थांबावी म्हणून दांडीत एक छोटा खटका असतो. सायकल भिंतीला रेलून ठेवताना दांडी अर्धवट दाबून अडकली, की ती बिचारी मोटार समजते, मालक ब्रेक लावतोय. अण्णा टिचकी मारतात, भोपळा गुरगुरतो. गिऱ्हाईक आठ दिवस कस्टमर केअरशी झुंजलेलं असतं. टिचकीचे पैसे काय द्यायचे, या विचारानं ते तिथंच घुटमळतं. पैसे अण्णा घेत नाहीत, पण ‘एवढंच होतं का?’ हे वाक्य जो बोलला, त्याला पुढच्या वेळी हवासुद्धा स्वतः भरावी लागते.

त्या कस्टमर केअरचा एक प्रसंग मी समोर बसून ऐकला आहे. एक तरुण, मानेला इअरफोन, सायकलीच्या पडद्यावर काहीतरी आकडा लुकलुकतोय. फोन स्पीकरवर. पलीकडच्या बाई हिंदीत अत्यंत गोड. आधी सीरियल नंबर विचारला. तो सायकलीच्या पोटाखाली कोरलेला असतो. अण्णा फुटपाथवर उताणे झोपले आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले; बाजूनं जाणाऱ्या एका आजींनी ‘काय झालं हो यांना’ म्हणून चौकशी केली. मग फोटो मागवले, मग व्हिडिओ मागवला. बावीस मिनिटं झाली. शेवटी बाई म्हणाल्या, “सर, आप अपने नज़दीकी साइकिल शॉप में दिखा दीजिए.”

तरुणानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा कपडे झटकत उठले, फोनजवळ तोंड नेलं आणि सदाशिव पेठेच्या हिंदीत म्हणाले, “बाईसाहेब, मैं ही वो नजदीकवाला है. बोलो.”

बाईंनी सर्वेक्षणासाठी लाइनवर राहायला सांगितलं.

खरी कला बघायची तर मागचं चाक पंक्चर झालेलं असताना जावं. गिऱ्हाईक म्हणतं, चाक काढा ना. अण्णा चाक काढत नाहीत. “भोपळ्याचं चाक आहे. वायर सोडवा, नट सोडवा, कुठला वॉशर आत आणि कुठला बाहेर ते लक्षात ठेवा. टायर एका अंगानं उघडलं तरी काटा भेटतोच.” सायकल आडवी झोपते. टायरच्या एका कडेत दोन लिव्हर सरकतात, ट्यूब आतड्यासारखी बाहेर येते आणि हवा भरून इंचाइंचानं घमेल्यातल्या पाण्यातून जाते. बुडबुडे आले की अण्णांचं बोट तिथं. पुसणं, घासपेपर, सोल्यूशन, दोन फुंकरा. मग ते थांबतात. सोल्यूशन सुकायचं ते अर्धं मिनिट म्हणजे अण्णांच्या दिवसातला एकमेव निवांत वेळ. त्यात ते कुणाशी बोलत नाहीत. मग ठिगळ, त्यावर हातोडीच्या पाठीनं चार ठोके, आणि टायरच्या आत बोट फिरवून मूळ अपराधी शोधायचा. बहुतेक वेळा तो गाडीच्या टायरमधून निसटलेल्या तारेचा तुकडा असतो. तो गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला जातो, पावती म्हणून. दर साध्या पंक्चरच्या दुप्पट, आणि त्यावर घासाघीस नाही. अ‍ॅपवर घासाघीस केली होती का, असा उलट प्रश्न येतो.

एकाच गोष्टीत अण्णा विनोद करत नाहीत. बाटली ते उघडत नाहीत आणि रात्री दुकानात ठेवूनही घेत नाहीत. छत्तीस व्होल्टची बाटली, आत दहाच्या रांगेत बांधलेले लिथियमचे सेल, भरली की ४२ व्होल्ट. आकडा मल्टिमीटरवर दाखवतात, लिहून देतात आणि म्हणतात, “सायकल राहू द्या, बाटली घरी न्या. वर माणसं झोपतात.” एकानं फुगलेली बाटली ‘जरा खोलून बघा’ म्हणून चिकाटी धरली होती. अण्णांनी त्याला दुकानाबाहेर, उन्हाबाहेर आणि शेवटी गल्लीबाहेर काढलं.

तरुण पोरांची एक मागणी ठरलेली: अण्णा, पंचविसाचं लिमिट काढा ना. २५० वॉटची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, तोवर ना नंबरप्लेट, ना लायसन. “काढतो,” अण्णा म्हणतात. “येताना आरटीओचा नंबर, विमा, लायसन आणि हेल्मेट घेऊन या. आणि तुमच्या आईला.” आईचं नाव निघालं की वेग आपोआप पंचविसाच्या आत येतो.

वर्षातला अण्णांचा सगळ्यात मोठा हंगाम म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस. दसऱ्याला माणसं सायकलीवर पाइप धरतात. जॉइंटांत, पडद्याखाली, डबीत, जिथं जिथं म्हणून पाणी शिरू नये तिथं शिरतं. मग हळदकुंकू, हार, आणि संध्याकाळी फेरी मारायला गेलं की वाहन सोनं लुटून झोपी गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर रांग. मागच्या दसऱ्याला एकीच्या चाकात झेंडूची माळ अशी गुरफटली होती की दोन तारा तुटल्या. भोपळ्याच्या चाकाच्या तारा जाड आणि आखूड, बाजारात सहज मिळत नाहीत. अण्णांनी लांब तार कापून तिला आटे पाडले, चाकाचा आऊट काढला आणि झेंडू पत्र्यापाशी वाहिला.

मुलगा हिंजवडीला आहे. तो म्हणतो, बाबा, गाळा भाड्यानं द्या, घरबसल्या जास्त मिळतील. अण्णांनाही हिशोब पटतो. फक्त दर महिन्याला नेमकी कुणाची तरी सायकल खोललेली असते.

परवा दुपारी मी हवा भरायला गेलो होतो. टेम्पो थांबला. पोरानं उतरून पत्ता विचारला. मागं भलं मोठं चपटं खोकं, त्यावर सायकलीचं चित्र. अण्णांनी पत्ता सांगितला, तिसरा मजला, लिफ्टमध्ये हे मावणार नाही हेही सांगितलं. मग खोक्याकडे जरा वेळ पाहत राहिले. कानामागचं जाड निळं पेन काढलं, टेम्पोत चढले आणि ‘८५ टक्के जोडलेली’ याच्या बरोब्बर खाली ठळक अक्षरांत लिहिलं: ‘डावे पेडल उलटे फिरवावे. न जमल्यास जोर करू नये. कोपऱ्यावर विचारावे.’

“ओ काका, असं लिहायचं नाही,” पोरगा ओरडला. “कंपनीचं खोकं आहे!”

“कंपनीचं ८५ टक्के,” अण्णा पेनाला टोपण लावत म्हणाले. “मी माझ्या हिश्श्यावर लिहिलंय.”