कंट्रोलर खतम होगे!

पेट्रोलची गाडी बिघडली की निदान बोंब तरी मारते. धूर सोडते, धापा टाकते, वास पसरवते. विजेची गाडी म्हणजे रुसलेला जावई. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, डिस्प्लेवर आकडेही झळकतात. पण अ‍ॅक्सिलरेटर पिळला की चाक जागच्या जागी थरथरतं, ‘खर्र’ करतं आणि गप्प बसतं. काय बिनसलं, ते आपण ओळखायचं.

आमची गाडी गुढियारीत पहाडी चौकाजवळ रुसली. रायपूर स्टेशनच्या पल्याडची ही वस्ती ठोक व्यापारासाठी नावाजलेली. ठेले, पोती, हमाल आणि ई-रिक्षांच्या गर्दीत कोणी गाडी ढकलताना दिसला, तर इथले लोक लगेच मदतीला येतात. हात मात्र लावत नाहीत, आधी निदान करतात. पानठेल्यावरच्या काकांनी लांबूनच निकाल दिला, “कंट्रोलर खतम होगे!” डाळीच्या दुकानातल्या मुनीमजींनीही मान डोलावली. कंट्रोलर कुठे असतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तात्यापाऱ्यातल्या मामांना फोन केला, तर त्यांनी गाडी न बघताच बॅटरीला दोषी ठरवलं. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले छत्तीसगडचा कारभार बघायचे, तेव्हापासून मराठी माणूस या मुलखात आहे. कारभार गेला, सल्ला द्यायची सवय तेवढी राहिली.

250 वॅटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरची मर्यादा पाळणारी गाडी चालवायला लायसन लागत नाही. सरकारने नवशिक्यावर एवढा विश्वास टाकलाय म्हटल्यावर मीही मल्टिमीटर विकत आणला. सीट उघडली. आत पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा होता, तोच तो बदनाम कंट्रोलर. त्यातून मोटरकडे तीन जाड तारा जातात: पिवळी, हिरवी, निळी. शिवाय पाच बारीक तारा: लाल, काळी आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. एका हितचिंतकाने सुचवलं, “तारा उलटसुलट लावून बघा की!” जाड तीन आणि बारीक तीन तारांच्या जोड्या 36 तऱ्हांनी लागतात आणि त्यातल्या मोजक्याच बरोबर असतात. काही जोड्यांनी मोटर उलटी फिरते. म्हणजे नशीब जोरावर असेल, तर माणूस पाठमोराच ठोक बाजार हिंडून येतो.

बॅटरीचा प्लग काढून परत लावला तेव्हा ‘चट्’ करून ठिणगी उडाली आणि मंडळी चार पावलं मागे सरली. त्यांचंही चुकलं नाही. एप्रिल 2024 मध्ये इथल्याच वीज कंपनीच्या गोदामात ट्रान्सफॉर्मर पेटले होते आणि तो धूर साऱ्या शहराने पाहिला होता. आमची ठिणगी मात्र निरुपद्रवी होती. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर भरताना एवढी चकमक उडतेच.

बॅटरी 48 व्होल्टची, मीटरवर 50 दाखवत होती. मामा बाद झाले. मग ब्रेक. दांड्याच्या आतला स्विच अडकला, तर गाडीला वाटतं मालकाने ब्रेक दाबून धरलाय आणि ती मोटरचा पुरवठाच तोडते. तो स्विच ठीक निघाला. अ‍ॅक्सिलरेटरच्या सिग्नलच्या तारेवर मूठ सोडली की एकाहून कमी व्होल्ट आणि पूर्ण पिळली की चारच्या आसपास. तोही निर्दोष.

उरल्या त्या पाच बारीक तारा. मोटरच्या पोटात तीन हॉल सेन्सर असतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 साली लावलेल्या शोधावर ते चालतात. कोणतं चुंबक कुठे आलंय, ही बातमी ते कंट्रोलरला पोचवतात आणि त्यावरून तो कुठल्या जाड तारेत वीज सोडायची ते ठरवतो. तिघांतला एक मुका झाला की कंट्रोलर गोंधळतो आणि चाक थरथरतं. गाडी स्टँडवर घेतली, चावी फिरवली आणि बायकोला चाक हाताने हळूहळू फिरवायला सांगितलं.

“अहो, किती हळू?”

“घड्याळाच्या काट्याएवढं.”

“कुठल्या काट्याएवढं? तासाच्या फिरवू की मिनिटाच्या?”

पिवळ्या तारेवर आकडा शून्य-पाच, शून्य-पाच असा नाचला. हिरवीवरही नाचला. निळी मात्र पाचवर ठाण मांडून बसली. चाक किती का फिरेना, तिला देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा ई-रिक्षा मिस्त्री आला. त्याने आधी बॅटरीचा प्लग काढला. मग कंट्रोलरपासून तीन जाड तारा सोडवल्या आणि दोन-दोनची टोकं जुळवून चाक फिरवून पाहिलं. प्रत्येक जोडीला चाक सारखंच जड फिरलं आणि टोकं सुटी केली की भिरभिरलं. म्हणजे मोटरचं वाइंडिंग शाबूत. “मोटर बने हे, कका,” तो म्हणाला. मग त्याने बारीक तारांचा कनेक्टर उघडला. निळ्या तारेच्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. पावसाळ्यात अंडरब्रिजखाली साचलेल्या पाण्यातून गाडी गेली, त्याची ही पावती. मिस्त्रीने जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवला आणि पीन घासून लख्ख केली. पेट्रोल वाचवायला घेतलेली गाडी शेवटी पेट्रोलनेच बरी झाली.

चाक फिरताच पानठेल्यावरचे काका म्हणाले, “मी म्हटलंच होतं!”

तेव्हा वाचकहो, तुमची गाडी रुसली, तर आधी बॅटरी बघा, मग ब्रेकचा स्विच, मग अ‍ॅक्सिलरेटर, मग बारीक तारा आणि त्यांचे कनेक्टर, मग जाड तारा. कंट्रोलरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. सल्लागारांचं त्याच्याही नंतर ऐका.